नणंदेकडे संभाजीनगरला चाललात? मग ताईंनाही गाडीत घ्या

पत्र:

ताई नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण (सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा वय 14, मुलगी वय 8) छत्रपती संभाजीनगरला माझ्या मोठ्या नणंदेकडे चाललोय. शनिवारी दुपारी पोचणार, बुधवारी सकाळी निघणार. ताई आणि दाजी सिडकोत राहतात, टू बीएचके आहे, दाजी वाळूजला कंपनीत आहेत त्यामुळे त्यांना फक्त रविवारी सुट्टी. मिस्टरांचा प्लॅन असा आहे की रविवारी दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना घृष्णेश्वरचं दर्शन हवंच आहे, मुलगा म्हणतो दगड काय बघायचे आणि मुलगी तासाभरात दमते. शिवाय तिकडे सासऱ्यांचे मामेभाऊ, चुलत सासूबाई असे चार घरी नातेवाईक आहेत, सगळ्यांकडून जेवायला या म्हणून फोन आलेत. दाजींच्या भावाचं पैठण रोडला शेत आहे तिथे हुरड्याला पण बोलावलंय. ताई म्हणतात घरीच उतरायचं, हॉटेलचं नावही काढू नका. गेल्या वर्षी म्हैसूरला असंच सगळे मिळून गेलो होतो आणि शेवटच्या दिवशी एवढं वाजलं की सासूबाई परतीच्या ट्रेनमध्ये कोणाशी बोलल्या नाहीत. या वेळी तसं व्हायला नकोय. हॉटेलात उतरलो तर ताईंना वाईट वाटेल का? आणि एवढ्या सगळ्यांना एवढं सगळं दाखवायचं कसं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

नमस्कार. आधी तातडीचं सांगते. अजिंठा दर सोमवारी बंद असतं आणि वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात, म्हणजे तुमच्या मिस्टरांनी बरोबर उलटे दिवस धरलेत. सोमवारी पहाटे सगळ्यांना उठवून शंभर किलोमीटर जाऊन गेटवरून परत आला असता आणि मंगळवारी पुन्हा तेच, आणि मग म्हैसूरपेक्षा जास्त वाजलं असतं. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, एवढी अदलाबदल आजच करा आणि गाडी बुक केली असेल तर गाडीवाल्यालाही आजच कळवा.

आता बाकीचं. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती ती आधी बोलते. मिस्टरांना काय बघायचंय ते पत्रात आहे, सासऱ्यांना काय हवंय ते आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, मुलाचं म्हणणं आहे, मुलगी किती वेळात दमते ते आहे. ताईंना काय हवंय ते कुठेच नाहीये. ताई पत्रात फक्त घरीच उतरा म्हणायला आल्यात. त्या तुमच्यासोबत अजिंठ्याला येणार आहेत का, त्यांनी ते पाहिलंय का, हे कोणी विचारलंय का त्यांना? मला वाटतं नसेल विचारलं, कारण आपल्याकडे पाहुणे फिरायला जातात आणि घरची बाई मागे राहून रात्रीच्या जेवणाचं बघते हे इतकं ठरलेलं असतं की ते कोणाच्या डोक्यातही येत नाही.

माझं माहेर तिथलंच आहे म्हणून हे जरा जास्त पोटतिडकीने लिहितेय. आमच्याकडे दर सुट्टीत कोणी ना कोणी पाहुणे असायचे आणि सगळ्यांना वेरूळ-अजिंठा करायचंच असायचं, आई पहाटे उठून त्यांच्या डब्याला दशम्या, पिठलं, शेंगदाण्याची चटणी करून द्यायची आणि ते गेले की घर आवरून संध्याकाळच्या तयारीला लागायची. तिने कैलास लेणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची साठी उलटून गेली होती, घरापासून तीस किलोमीटरवर. तिथे आत गेल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, हे असं आहे होय. एवढंच. त्यामुळे मला विचाराल तर तुमच्या या ट्रिपमध्ये सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण कोणतं यापेक्षा ताई चारही दिवस किचनच्या बाहेर राहतील हे बघणं महत्त्वाचं आहे, आणि ते एकदा ठरवलं की तुमचे बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, कसे ते सांगते.

आधी राहण्याचं. हॉटेलात उतरा, पण सगळ्यांनी नाही. सासू-सासरे ताईंकडे आणि तुम्ही चौघं जवळच्या एखाद्या हॉटेलात, फक्त झोपायला आणि आंघोळीला. सिडकोत, जालना रोडला बऱ्यापैकी हॉटेलं आहेत, नाताळात गर्दी असते म्हणून आत्ताच रूम बुक करा. ताईंना वाईट वाटेल का? सांगितलं कसं यावर आहे. जागा कमी पडेल म्हणून हॉटेलात उतरतोय असं अजिबात म्हणू नका, ते त्यांच्या घराला नाव ठेवल्यासारखं होतं. पाण्याचं सांगा. तुम्ही डोंबिवलीच्या, तुम्हाला कदाचित माहीत नसेल, त्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही काही दिवसांआड येतं, जायकवाडीसारखं प्रचंड धरण जवळ असूनही, आणि उन्हाळ्यात तर अजून अवघड. तिथली प्रत्येक बाई पाणी कोणत्या दिवशी येणार त्याच्यावर कपड्यांचं, फरशीचं, पाहुण्यांचं गणित बसवत असते. अशा घरात एकदम सहा माणसं वाढली की टाकी दोन दिवसात तळाला जाते आणि ताई तोंडाने काही बोलणार नाहीत, हळूच टँकर मागवतील. म्हणून सरळ फोन करून म्हणा, "ताई, आई-बाबा तुमच्याकडेच राहतील, आईंना तुमच्याशिवाय करमायचं पण नाही, आम्ही चौघं रात्री फक्त आंघोळी-झोपेला हॉटेलवर जाऊ, पोरं पाणी किती सांडतात तुम्हाला माहितीय." हे ऐकून कोणाला राग येत नाही. उलट पाण्याचा विचार पाहुण्याने केला याचं त्यांना बरं वाटेल. आणि जिथे उतराल तिथेही बादलीने आंघोळ करायची हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता नातेवाईक. चार घरी चार जेवणं म्हणजे तुमची चार दिवसांतली चार जेवणं गेली, आणि जेवण म्हणजे नुसतं जेवण नसतं हे आपल्याला माहितीय, दीड वाजता बोलावतात, पानं तीनला मांडतात, पाच वाजता चहा होतो, निघताना ओटी भरणं आणि कुंकू, आणि बाहेर अंधार. पण न जाणंही बरं नाही, सासरे आता कितीदा तिकडे जाणार, त्यांना मामेभाऊ भेटायला हवाच. तर तुमच्या पत्रातच उत्तर आहे, हुरडा. दाजींच्या भावाला विचारून रविवारी दुपारी सगळ्यांनाच शेतावर बोलवा. मामेभाऊ, चुलत सासूबाई, त्यांची मुलं-सुना, सगळे. रविवार असल्यामुळे दाजी पण असतील. डिसेंबर संपता संपता तिकडे हुरडा सुरू झालेला असतो, गोवऱ्यांची आगटी पेटवतात, ज्वारीची कोवळी कणसं आरात खुपसून भाजतात आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतात, हाताला चटके बसत असतात आणि चोळणारा माणूस गप्पा मारत चोळत असतो. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सोबत बोरं आणि ऊस. तुमच्या मुलीला एक मूठ चोळून बघू द्या, तासाभरात दमणारी पोरगी संध्याकाळपर्यंत शेतातून हलणार नाही. आणि या जेवणात कोणत्याही एका बाईला ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही हे मुख्य. फुकट मात्र जाऊ नका, शेतावरच्या माणसांसाठी चांगलं गोड काहीतरी घेऊन जा आणि जे राबतायत त्यांच्या हातात काही ठेवा. ज्यांना वयामुळे शेतावर येणं जमणार नाही त्यांच्याकडे शनिवारी संध्याकाळी सासू-सासऱ्यांना घेऊन चहाला जाऊन या, चहालाच, हे फोनवर ठासून सांगा, उपवास आहे म्हणा हवं तर. तरी पोहे येतीलच.

रविवारची सकाळ मोकळी राहते, ती मिस्टर आणि मुलासाठी ठेवा. दौलताबाद. फक्त त्या दोघांनी जायचं (तुम्हाला चढायची हौस असेल तर तुम्ही पण), शहरापासून पंधराएक किलोमीटर, सकाळी उघडल्या उघडल्या आत गेलं की हुरड्याच्या वेळेपर्यंत परत. सासूबाईंना तिथे अजिबात नेऊ नका, शेकडो पायऱ्या आहेत, त्या खाली गाडीत बसून राहतील आणि वर गेलेल्यांना घाई होईल, म्हैसूरला हेच झालं असणार मला खात्री आहे. दगड काय बघायचे म्हणणाऱ्या मुलाला हा किल्ला दाखवा. अख्खा डोंगर खालून उभा तासून काढलाय, चहूबाजूंनी खंदक, आत जायला एकच वाट आणि ती वाट कातळातल्या अंधाऱ्या बोगद्यातून वळणं घेत वर जाते, शत्रू आत घुसलाच तर अंधारात चाचपडत राहावा म्हणून. मोबाईलचा टॉर्च लागेल, आणि वटवाघळांचा वास येतो ते आधी सांगा म्हणजे तो नाक मुरडण्याऐवजी शोधत जाईल. यादवांची राजधानी देवगिरी ती हीच, 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी इथे आला तेव्हा रामदेवराव यादवांनी किल्ल्यात घाईघाईने भरलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं अशी गोष्ट सांगतात, आणि 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथेच हलवली. चौदा वर्षांच्या पोराला ही मिठाची गोष्ट सांगा, नुसती नावं आणि सनावळी सांगत बसू नका. तोपर्यंत घरी ताई, सासूबाई आणि सासरे निवांत चहा पीत बसतील, मायलेकींना किती दिवसांनी असा वेळ मिळतोय, त्यात आपण नसलेलंच बरं.

शनिवारी पोचल्यावर नातेवाईकांकडे चहाला जायच्या आधी उन्हं कलताना सगळ्यांनी मिळून बीबी का मकबरा करा. सपाट आहे, बाग आहे, बाकं आहेत, सासूबाईंना चालेल. एकच विनंती, पोरांना घेऊन जाताना ही ताजमहालची नक्कल आहे अशी सुरुवात करू नका, मोठी माणसं तेच एक वाक्य बोलतात आणि मग पोरं आत गेल्यावर फक्त काय कमी आहे ते बघत बसतात. औरंगजेबाची बायको दिलरस बानू 1657 मध्ये गेली, तिच्यासाठी मुलगा आझमशहा याच्या नावाने हे बांधलं गेलं, म्हणजे ताज नवऱ्याने बायकोसाठी आणि हे मुलाने आईसाठी, एवढं सांगा, सासूबाई पण ऐकतील. संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटाला आहे, मधला सगळा भाग चुन्याच्या गिलाव्याचा, जवळ जाऊन त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी बघा, इतकी बारीक आहे की मुलगी बोट लावायला जाईल, लावू देऊ नका. कबर खाली आहे, वरून वाकून बघायची, भोवती संगमरवराची जाळी आहे.

पाणचक्की मकबऱ्यापासून जवळच आहे, वेळ उरला तर करा, नाहीतर राहू द्या. पण करायचीच झाली तर मिस्टरांना सांगा की तिथे नुसतं हौदापाशी सेल्फी काढून निघू नका. काही किलोमीटरवरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी इथपर्यंत आणलंय, पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उताराच्या जोरावर, आणि त्या पाण्याने जातं फिरायचं, तिथल्याच दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. असल्या नहरी त्या शहरात मलिक अंबरपासून आहेत. हा माणूस मूळचा आफ्रिकेतला, इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, तो निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी गावाचं शहर वसवलं, तेच हे शहर. ज्या शहरात चारशे वर्षांपूर्वी डोंगरातून खापरी नळाने पाणी आलं तिथे आज माझ्या माहेरची माणसं नळाची वाट बघतात याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

सोमवार, वेरूळ. हा दिवस सासऱ्यांचा आणि सासूबाईंचा धरा. सकाळी सातच्या आत निघा, एक तर दौलताबादपाशी रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो आणि सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्या तुंबतात, आणि दुसरं म्हणजे सोमवार असल्यामुळे घृष्णेश्वरला गर्दी असणारच. म्हणून आधी दर्शन, मग लेणी, दोन्हींत फार तर एखादा किलोमीटर आहे. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो हे सासऱ्यांना घरीच सांगा, डिसेंबरची सकाळ आहे, शाल जवळ असू द्या. आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, तांबूस दगडाचं, आणि त्याच्याही आधी जीर्णोद्धार केला तो मालोजीराजे भोसल्यांनी, शिवाजी महाराजांचे आजोबा, वेरूळ हे भोसल्यांचं गाव. सासऱ्यांना हे सगळं माहीत असेलच, तर त्यांनाच नातवंडांना सांगू द्या, तुम्ही गुगल उघडू नका. अहिल्याबाईंनी बांधलेलं पायऱ्यापायऱ्यांचं कुंडही गावात आहे, चुकवू नका, फार कमी लोक तिकडे वळतात.

लेणी चौतीस आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन मिळून. चौतीस बघायची नाहीयेत. मिस्टर ऐकणार नाहीत पण त्यांना सांगा. सोळा नंबरचं कैलास हे मुख्य, गेटमधून आत गेलं की समोरच आहे, त्यामुळे सासूबाईंना फार चालावं लागत नाही आणि आतलं अंगण सपाट आहे, तिथे एखाद्या सावलीच्या कडेला त्यांना आणि ताईंना बसवा आणि घाई करू नका. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, आणि हे देऊळ बांधलेलं नाहीये, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. मुलाला विचारा की वरून कोरत येताना एखादा हत्ती चुकून तोडला गेला असता तर काय केलं असतं, बघा तो किती वेळ विचार करतो. मुलीला खालचे हत्ती मोजायला सांगा, देवळाचं सगळं ओझं ते पाठीवर घेऊन उभे आहेत, काहींच्या सोंडा तुटल्यात. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय आणि शंकर आपला पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून बसलाय. हे शिल्प मुलीला तिच्या आजीने दाखवावं, आजीला ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली सांगता येते.

सासू-सासरे आणि ताई तिथे बसलेले असताना तुम्ही चौघं दहा नंबर करून या, सुतार झोपडी म्हणतात त्याला, दगडाच्या छताला लाकडाच्या तुळयांसारख्या फासळ्या कोरल्यात, आत हळू आवाजात काहीही म्हणा, घुमतं. जैन लेणी लांब आहेत, तिकडे जायला गाडीची सोय असते, तिकीट खिडकीवर विचारून घ्या, जमलं तर बत्तीस नंबर, इंद्रसभा, बघा. दुपारचं जेवण तिथेच बाहेर कुठेतरी भाकरी-पिठलं खा. ताईंना डबा करू देऊ नका. त्या करतोच म्हणतील, दोनदा म्हणतील, तिसऱ्यांदा म्हणतील, तरी नाही म्हणा, कारण डबा केला की त्या पहाटे चारला उठतील आणि कैलासासमोर बसून पेंगतील.

परतताना सगळ्यांच्यात दम असेल तरच खुलताबाद, वाटेवरच आहे. भद्रा मारुतीला सासू-सासऱ्यांना आवडेल, मारुती झोपलेला आहे, अशी मूर्ती क्वचित बघायला मिळते. औरंगजेबाची कबरही तिथेच, इतकी साधी की पोरांना विश्वास बसत नाही, वर छप्परसुद्धा नाही. दम नसेल तर सरळ घरी या, खुलताबाद पुढच्या वेळी.

मंगळवारी अजिंठा, आणि इथे मला एकदम स्पष्ट बोलायचंय. सासूबाईंना विचारा, पण खरंच विचारा, "येताय ना आई" असं नाही, "आई, तिथे चढण आहे, डोली मिळते, यायचं की घरी आराम करायचा, दोन्ही चालेल" असं. त्यांनी नाही म्हटलं तर आग्रह करू नका आणि हो म्हटलं तर डोलीचे पैसे जास्त वाटले तरी डोली करा, चार माणसं खांद्यावर नेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही हे मिस्टरांनी आईला सांगावं, सुनेने सांगितलं की वेगळं ऐकू येतं. सासूबाई घरी राहिल्या तर सासरे त्यांच्यासोबत राहतील आणि दोघं मामेभावाकडे जातील, त्यांचं तिकडचं जेवण पण होऊन जाईल. पण ताईंना मात्र न्यायचंच. आईसाठी मी थांबते असं त्या म्हणतील, तेव्हा सासूबाईंनीच म्हणायला हवं की तू जा, मी माझं बघते. हे सासूबाईंशी तुम्ही आधी बोलून ठेवा. लेकीने अजिंठा बघावा असं आईला वाटणार नाही का?

सकाळी सहाला निघा, फुलंब्री, सिल्लोड करत अडीच-तीन तास लागतात. गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी पॉइंटला लावायची आणि तिथून एसटीची बस शेवटचे चार किलोमीटर नेते, तिचं तिकीट वेगळं. लेण्यांच्या तिकिटाचं म्हणाल तर 15 वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही, म्हणजे तुमच्या दोघांनाही नाही, मुलाचं आधार कार्ड जवळ ठेवा, उंच असेल तर विचारतात. चित्रं असलेल्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे लेसवाले बूट नकोत, मोजे असू द्या, फरशी गार असते.

आत अंधार असतो. हे पोरांना आधी सांगा, कारण बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही आणि लोक तेवढ्यातच काही नाही इथे म्हणून बाहेर पडतात. उभं राहायचं, डोळ्यांना सवय होऊ द्यायची, मग हळूहळू भिंतीवर एकेक माणूस दिसायला लागतो, आधी एखादा हात, मग मोत्यांची माळ, मग झुकलेली नजर. फ्लॅश अजिबात नाही, त्या रंगांना तो सोसत नाही, दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, नऊ-दहा नंबरची लेणी तर त्याच्याही कितीतरी आधीची. एक, दोन, सोळा, सतरा आणि सव्वीस, एवढी पाच नीट बघितली तरी भरपूर. एक नंबरमध्ये पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला. सतरामध्ये जातककथा आहेत, त्यातली एक माकडांच्या राजाची, जो आपल्या कळपाला पळता यावं म्हणून स्वतःच्या अंगाचा पूल करतो. ही गोष्ट मुलीला आदल्या रात्री झोपताना सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिलाच भिंतीवर शोधायला लावा, ती दमणार नाही. सव्वीसमध्ये बुद्धाचं महापरिनिर्वाण, सातेक मीटर लांब, एका कुशीवर निजलेला, खाली शिष्य रडतायत. मुलाला 1819 ची गोष्ट सांगा, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला होता आणि पलीकडच्या कड्यावरून त्याला झाडीत लेण्याची कमान दिसली, आणि त्या पठ्ठ्याने दहा नंबरमध्ये खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय.

म्हैसूरचं भांडण का झालं हे तुम्ही लिहिलं नाहीये पण अंदाज येतो. सगळ्यांनी सगळीकडे जायचंच असं धरलं की सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला आपण ओझं झालोय असं वाटायला लागतं, ते तो बोलत नाही, शेवटच्या दिवशी भलत्याच गोष्टीवरून फुटतं. म्हणून शनिवारी रात्रीच सगळ्यांसमोर सांगून टाका की कोणी कुठे यायचं नसेल तर नाही आलं तरी चालेल, कारण विचारलं जाणार नाही. आणि हे पहिल्यांदा मिस्टरांनी बोलायचं.

जेवणांचं म्हणाल तर सकाळचा चहा-नाश्ता ताईंकडे, बाकी बाहेर. मिस्टर आणि मुलगा नॉनव्हेज खात असतील तर एका रात्री नान-खलिया खाऊन या, तिथली खासियत आहे. एका संध्याकाळी गुलमंडीला चक्कर मारा, ताईंसोबत, खरेदीला, हिमरू शाल बघा. शाल ताईंसाठी घ्या, त्यांच्या नकळत, त्यांना पसंत पडलेली बघून ठेवायची आणि मिस्टरांना मागे पाठवायचं. पैशांचं आधीच ठरवा, गाडी, तिकिटं, बाहेरची जेवणं सगळं तुमचं, दाजी बिल द्यायला पुढे होतील, त्यांना रविवारी हुरड्याच्या वेळी बाजूला घेऊन मिस्टरांनी सांगावं की यजमान तुम्ही आहातच पण खर्च आमचा. गाडी सात जण बसतील अशीच सांगा, सहाची नाही. जागा नाहीये म्हटलं की ताई लगेच मागे राहतील.

फोन आज रात्री करा, दाजी घरी आल्यावर, म्हणजे दोघांशी बोलणं होईल. हॉटेलचं आणि पाण्याचं आधी, मग हुरड्याला सगळ्यांना बोलवायचं, आणि शेवटी सरळ विचारा, "ताई, तुम्ही अजिंठा पाहिलाय का?" नाही म्हणाल्या तर सांगा, मंगळवारी सहाला गाडी दारात येतेय, तयार राहा. पाहिलाय म्हणाल्या तर विचारा कधी, बहुतेक शाळेच्या सहलीत म्हणतील.